तीन तोळे सोनं, साडेसात लाखांचं घड्याळ

दागिना घेताना आपल्याकडे हिशेब तोंडपाठ असतो. आजचा भाव, वजन, घडणावळ, वर कर. पेढीवरून उठताना एक प्रश्नही ठरलेला: "उद्या मोडायचं झालं तर घट किती धराल?" हाच हिशेब घेऊन महागड्या सोन्याच्या घड्याळापुढे उभं राहिलं की काहीच जुळत नाही. वजन एक सांगतं, किंमत भलतंच. मग आपण "ब्रँडचे पैसे असतात हो" म्हणून विषय मिटवतो. मला ते उत्तर कधी पटलं नाही. ते अपुरं का आहे हे सगळ्यात स्वच्छ दाखवणारं प्रकरण स्वित्झर्लंडमधलं नाही. ते कॅलिफोर्नियातलं आहे.

९ मार्च २०१५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ॲपलनं आपल्या पहिल्या घड्याळाच्या किमती जाहीर केल्या. ॲल्युमिनियमचं घड्याळ ३४९ डॉलरपासून, स्टीलचं ५४९ पासून. तिसरा प्रकार होता 'एडिशन'. त्याचं कवच १८ कॅरट सोन्याचं, पिवळ्या किंवा गुलाबी. किंमत १०,००० डॉलरपासून सुरू होऊन १७,००० पर्यंत. २४ एप्रिलला घड्याळं लोकांच्या हाती पडायला लागली. पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात दुसरी मालिका आली तेव्हा यादीत सोनं नव्हतं. एडिशन हे नाव एका पांढऱ्या सिरॅमिकच्या घड्याळाला दिलं होतं, त्याची किंमत १,२४९ डॉलर. जगातली सगळ्यात श्रीमंत कंपनी सोन्याच्या घड्याळांच्या धंद्यात उतरली आणि दीड वर्ष पुरं व्हायच्या आत बाहेरही पडली.

आधी तराजू काढू

ॲपलनं तेव्हा घड्याळांची पट्ट्याशिवायची वजनं जाहीर केली होती. त्यातून सोनं किती होतं याचा अंदाज घरबसल्या काढता येतो. ४२ मिलिमीटरचं स्टीलचं घड्याळ ५० ग्रॅम. त्याच मापाचं पिवळ्या सोन्याचं ६९ ग्रॅम. दोन्हींचा आकार एकच, आतली चिप आणि बॅटरी एकच, वरची सफायरची काच आणि पाठीमागची सिरॅमिकची चकतीही एकच. म्हणजे १९ ग्रॅमचा फरक हा निव्वळ धातूचा. स्टीलची घनता घनसेंटिमीटरला साधारण ८ ग्रॅम, १८ कॅरट पिवळ्या सोन्याची साधारण साडेपंधरा. १९ ला साडेसातनं भागलं की कवचातल्या धातूचं घनफळ अडीच घनसेंटिमीटर येतं आणि सोन्याच्या कवचाचं वजन ३९ ग्रॅमच्या आसपास. १८ कॅरट म्हणजे हजारात ७५० भाग सोनं. शुद्ध सोनं निघालं २९ ग्रॅम. मिश्रधातू थोडा वेगळा असेल तर एखाद-दोन ग्रॅम इकडचे तिकडे होतील, त्यापेक्षा जास्त नाही.

तीन तोळ्यांना एक ग्रॅम कमी. एवढंच.

त्या वसंतात लंडनला सोन्याचा औंस १,२०० डॉलरच्या आतबाहेर होता. औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. तेव्हा या घड्याळातल्या सोन्याचे झाले सुमारे १,१०० डॉलर. तेच घड्याळ स्टीलमध्ये, तसाच रबरी पट्टा लावून ५९९ डॉलरला मिळत होतं. सोन्याचे पूर्ण पैसे त्यात मिळवले तरी १,७०० होतात, आणि रबरी पट्ट्याच्या या सोन्याच्या घड्याळाच्या पाटीवर आकडा होता १२,०००. आपल्या भाषेत सांगायचं तर डॉलर बासष्ट-त्रेसष्ट रुपयांना होता आणि तोळा २६ हजारांच्या घरात. पाऊण लाखाचं सोनं, साडेसात लाखांचं घड्याळ. मधली साडेसहा लाखांच्या जवळपासची रक्कम हीच या प्रकरणातली खरी वस्तू आहे. ती कशाची?

पहिला संशय घडणावळीवर जातो, कारण आपली सवय ती. दागिन्यात घडणावळ सोन्याच्या किमतीचा काही टक्के हिस्सा असते. इथे ती सोन्याच्या नऊपट झाली असती. घट म्हणावी तर घड्याळाचं कवच यंत्रावर कोरताना जो चुरा पडतो तो झाडून, वितळवून पुन्हा वापरला जातो. सोन्याच्या कारखान्यात धूळसुद्धा फेकत नाहीत, हे झवेरी बाजारातल्या नाल्यांतला गाळ चाळणाऱ्यांना कुणी सांगायला नको. ॲपलनं आपलं सोनं नेहमीच्या सोन्याहून दुप्पट कडक बनवल्याचा दावा केला होता. मानू. तरी साडेसहा लाख होत नाहीत.

जाता जाता: १८ कॅरट म्हटलं की आपल्याकडे नाक मुरडतात, पण घड्याळाला तेच लागतं. २२ कॅरटचं मऊ सोनं रोज टेबलाच्या कडेला आपटणाऱ्या वस्तूत टिकणार नाही. तांबं आणि चांदी मिसळून ते कडक करावं लागतं. रोलेक्सनं तर त्यासाठी जिनिव्हाजवळ प्लान-लेझ-वॉट इथे स्वतःची भट्टी घातली आहे आणि गुलाबी सोन्याचा रंग पुढे उडू नये म्हणून त्यात किंचित प्लॅटिनम घालते. हा खर्च खरा आहे. पण तो किमतीच्या मोठ्या भागाचं कारण नाही.

ब्रँड म्हणावा तर

आता येऊ आपल्या लाडक्या उत्तराकडे. २०१३ आणि २०१४ अशी सलग दोन वर्षं, ब्रँडचं मोल ठरवणाऱ्या इंटरब्रँडच्या जागतिक यादीत पहिलं नाव ॲपलचं होतं. नावाचेच पैसे मिळत असते तर रोलेक्स, पाटेक फिलिप, ओमेगा या स्विस घड्याळ कंपन्यांपैकी कुणालाही ॲपलशी स्पर्धा करताच आली नसती.

शिवाय ॲपलनं बाकी तयारीत कसर ठेवली नव्हती. बर्बरी या फॅशन कंपनीच्या प्रमुख अँजेला ॲरेंड्ट्स यांना दुकानांची सूत्रं दिली. ईव्ह सॅं लोरॉं या फॅशन कंपनीचे प्रमुख पॉल दनेव्ह आणि टॅग हॉयर या स्विस घड्याळ कंपनीतले पात्रिक प्रुनियो यांना आणलं. मार्क न्यूसन हे डिझायनर आले, ज्यांनी पूर्वी आयकपॉड नावाची घड्याळाची कंपनी काढली होती. घड्याळ त्यांना नवीन नव्हतं. 'व्होग' या फॅशन मासिकाच्या मार्च २०१५ च्या अंकात बारा पानी जाहिरात झळकली. पॅरिसच्या गॅलरी लाफायेत, लंडनच्या सेल्फ्रिजेस आणि टोकियोच्या इसेतान या बड्या दुकानांत घड्याळाची खास दालनं उघडली. एडिशन बघायला आधी वेळ ठरवावी लागे. गायिका बियॉन्से आणि फॅशन डिझायनर कार्ल लागरफेल्ड यांच्या मनगटावर तर दुकानात न मिळणाऱ्या, भरीव सोन्याच्या पट्ट्याच्या प्रती दिसल्या. चैनीची वस्तू कशी विकावी याचं पुस्तक असेल, तर त्यातला एकही धडा त्यांनी गाळला नव्हता.

मग चुकलं कुठे? नेहमी दिलं जाणारं उत्तर असं: आतलं यंत्र ३४९ डॉलरच्या घड्याळातलंच होतं, लोकांना ते कळलं, म्हणून कुणी घेतलं नाही. हे उत्तर ऐकायला बरं आहे, पण टिकत नाही. रोलेक्सची सबमरिनर डेट घ्या. २०२० च्या नव्या पिढीत स्टीलच्या आणि पिवळ्या सोन्याच्या सबमरिनरमध्ये ३२३५ क्रमांकाचं एकच यंत्र आहे, दाता-दाताशी तेच. सोन्याच्या घड्याळाची किंमत स्टीलच्या चौपटीच्या आसपास. गिऱ्हाईकाला हे माहीत असतं आणि त्याची तक्रार नसते. उलट स्टीलच्या घड्याळासाठी लोक यादीत नाव घालून वाट बघत बसतात. आतलं एकच असणं हा गुन्हा असता तर रोलेक्स कधीच दोषी ठरली असती.

एक बाजू ॲपलच्या बाजूनंही मांडायला हवी. कदाचित एडिशन विकण्यासाठी नव्हतंच. १२,००० च्या शेजारी ५९९ डॉलरचं स्टीलचं घड्याळ स्वस्त वाटतं, ३४९ चं तर जवळजवळ फुकट. फॅशनच्या मासिकांना छापायला फोटो मिळतो. साडी दाखवताना दुकानदार आधी एक न परवडणारी पैठणी अंथरतो, तशातलं. किती एडिशन विकली गेली हा आकडा ॲपलनं कधी सांगितला नाही, त्यामुळे या बाजूला नुसतं झटकून टाकता येत नाही. पण पैठणीवाला दीड वर्षात पैठण्या ठेवणं बंद करत नाही. जी वस्तू शोभेसाठीही दुकानात राहिली नाही, तिच्या किमतीत काहीतरी पोकळ होतं एवढं खरं.

हे आधीही झालं होतं

ॲपलमध्ये कुणी घड्याळांच्या इतिहासाची चार पानं चाळली असती तर त्यांना एक जुनं नाव सापडलं असतं. एप्रिल १९७२ मध्ये अमेरिकेत हॅमिल्टन कंपनीनं 'पल्सर' बाजारात आणलं. ते बटण दाबल्यावर लाल आकड्यांत वेळ दाखवणारं, विक्रीला आलेलं पहिलं डिजिटल मनगटी घड्याळ. कवच १८ कॅरट सोन्याचं, किंमत २,१०० डॉलर. तेव्हा त्यात एखादी छोटी मोटार येत असे. तंत्र नवं, दुर्मीळ, आणि सोन्यात मढवलेलं. श्रीमंतांनी ते हौसेनं घेतलं. चारच वर्षांनी, १९७६ मध्ये, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं प्लॅस्टिकच्या कवचातलं तसंच घड्याळ २० डॉलरला आणलं आणि पुढच्या वर्षी किंमत आणखी निम्म्यावर नेली. पल्सरचं सोनं जसंच्या तसं होतं. त्याच्या आतली जादू मात्र किराणा दुकानात पोचली होती.

त्याच्याही आधी, २५ डिसेंबर १९६९ ला, टोकियोत सेकोनं जगातलं पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर थरथरणाऱ्या स्फटिकानं वेळ मोजणारं, मनगटी घड्याळ विकायला ठेवलं: ॲस्ट्रॉन. तेही १८ कॅरट सोन्यात, किंमत साडेचार लाख येन. महिन्याला पाच सेकंदांचा फरक, म्हणजे त्या वेळच्या उत्तमोत्तम चावीच्या घड्याळांपेक्षा कितीतरी अचूक. आज क्वार्ट्झचं यंत्र रस्त्यावरच्या दोनशे रुपयांच्या घड्याळातही असतं.

याच क्वार्ट्झनं सत्तरच्या दशकात स्विस कारखाने बसवले. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. जे उरले त्यांना एक गोष्ट फार महाग किमतीत कळली: वेळ अचूक दाखवणं हे विकण्यासारखं कौशल्य राहिलेलं नाही. वेळ दाखवण्यात त्यांना दोनशे रुपयांचं घड्याळ हरवणार, आणि दरवर्षी हरवणार. मग त्यांनी असं काहीतरी विकायला घेतलं ज्यात पुढच्या वर्षीचं नवं यंत्र त्यांना हरवूच शकत नाही.

ते काय, हे पाटेक फिलिपच्या १९९६ पासून चालत आलेल्या जाहिरातींत दिसतं. फोटोत बाप आणि मुलगा, आणि खाली या अर्थाचं काहीतरी की हे घड्याळ तुमचं नाही, पुढच्या पिढीसाठी तुम्ही ते सांभाळता आहात. भाबडं वाटेल, पण त्यामागे एक रोकडा वायदा आहे: १८३९ पासून कंपनीनं बनवलेलं कुठलंही घड्याळ ती दुरुस्त करून देते. सुटा भाग नसेल तर बनवून देते. रोलेक्सच्या डे-डेटचंही असंच. हे मॉडेल १९५६ मध्ये आलं, सोनं किंवा प्लॅटिनम याखेरीज दुसऱ्या धातूत कधी निघालं नाही, आणि आजच्या डे-डेटशेजारी साठच्या दशकातलं ठेवलं तर दोन भाऊ वाटतात. जुनं बिघडलं तर चांगला घड्याळजी ते उघडतो, तेल घालतो, झिजलेलं चाक बदलतो आणि ते चालू लागतं. त्यात असं काही नाही जे कालबाह्य होईल, कारण ते १९६९ मध्येच कालबाह्य झालं होतं. मेलेल्याला मरणाचं भय नसतं, तसं.

रोलेक्सला हे जमतं याचं आणखी एक कारण फार कमी बोललं जातं. संस्थापक हान्स विल्सडॉर्फ यांनी १९४५ मध्ये आपल्या नावानं एक प्रतिष्ठान काढलं आणि आज कंपनीची मालकी त्या प्रतिष्ठानाकडे आहे. शेअर बाजाराला दर तिमाहीला तोंड दाखवायचं नाही. यंदा कमी माल काढला, मॉडेल दहा वर्षं बदललं नाही, तरी जाब विचारणारं कुणी नाही. विश्लेषकांच्या अंदाजानं ही कंपनी वर्षाला दहा लाखांच्या घरात घड्याळं बनवते, म्हणजे दुर्मीळ वगैरे मुळीच नाही. तरी मागणीपेक्षा माल थोडा कमी ठेवायची तिची शिस्त मोडत नाही. ॲपलला ही चैन कशी परवडेल? तिचं सगळं गणितच यावर उभं आहे की यंदाची वस्तू पुढच्या वर्षी तुम्हाला जुनी वाटली पाहिजे.

सोन्याचं घड्याळ घेणारा त्या मधल्या साडेसहा लाखांत धातू विकत घेत नसतो, कारागिरीही थोडीच घेतो. तो पुढची चाळीस वर्षं विकत घेतो. घड्याळ दुरुस्त होईल, ओळखलं जाईल, कुणीतरी ते हवंसं म्हणेल, मुलाला देता येईल. हा वायदा खोटा ठरू नये म्हणून कंपनीनं जे काही केलं आणि जे काही करायचं टाळलं, त्याची किंमत. ॲपलकडे नाव होतं, सोनं होतं, बियॉन्से होती. चाळीस वर्षं नव्हती.

किती होती, तेही मोजता येतं. सप्टेंबर २०१८ मध्ये घड्याळ चालवणारी नवी प्रणाली, वॉचओएस ५, आली आणि पहिल्या पिढीच्या घड्याळांवर ती चालणार नव्हती. ३४९ डॉलरचं असो की १७,००० चं, न्याय एकच. तीन वर्षं आणि पाच महिने. २०२३ मध्ये ॲपलनं पहिल्या पिढीची घड्याळं कालबाह्य यादीत टाकली, म्हणजे कंपनीकडून दुरुस्तीचा मार्गही बंद. सीलबंद कवचातली बॅटरी फुगली तर सोनं तसंच चमकत राहील आणि पडदा काळा.

स्विसांचं उत्तर मात्र बघण्यासारखं होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये टॅग हॉयरनं स्वतःचं स्मार्टवॉच काढलं, 'कनेक्टेड', १,५०० डॉलरना. त्यासोबत एक सवलत: दोन वर्षांनी हे परत आणा, आणखी १,५०० डॉलर द्या आणि त्याबदल्यात खास बनवलेलं, आपोआप चावी बसणारं कॅरेरा घड्याळ घेऊन जा. म्हणजे विकतानाच कबुली की ही वस्तू दोन वर्षांची आहे आणि टिकाऊ वस्तू ती दुसरी. मला हा प्रामाणिकपणा आवडला, धंदेवाईक असला तरी.

आज त्या एडिशनचं मोल काय? ऑक्टोबर २०२५ मध्ये सोन्यानं औंसाला ४,००० डॉलर ओलांडले, म्हणजे २०१५ च्या तिपटीहून अधिक. त्या भावानं २९ ग्रॅमचे सुमारे ३,७०० डॉलर होतात. सोनं इतकं चढूनही तेव्हा मूळ किमतीचा तिसरा हिस्सा भरत नव्हता. आणि हे काच, बॅटरी, चिप सगळं उपटून कवच तेवढं तराजूत टाकल्यावर. जुनी सोन्याची डे-डेट विकायला आली तर तिच्या सोन्याचा भाव ही शेवटची पायरी असते. घासाघीस त्याच्या बरीच वर चालते. एडिशन कुणी संग्रहासाठी घेतलं तर गोष्ट वेगळी. एरवी त्याचा हिशेब पुन्हा पेढीवरच येऊन थांबतो, जिथून आपण सुरुवात केली होती.

या सगळ्या गडबडीत ॲपलचा एक डाव मात्र नीट बसला. सप्टेंबर २०१५ मध्ये, एडिशन अजून दुकानात असतानाच, कंपनीनं चामड्याच्या वस्तूंसाठी प्रसिद्ध असलेल्या पॅरिसच्या एर्मेसबरोबर घड्याळं काढली. कवच साधं स्टीलचं, किंमत १,१०० डॉलरपासून. चैन होती ती पट्ट्यात: फ्रान्समध्ये हातानं शिवलेलं चामडं, त्यातला एक पट्टा मनगटाभोवती दोन वेढे घेणारा. सोनं गेलं, एर्मेसची जोडी टिकली. घड्याळाची चिप बदलत गेली, पण पट्टा अडकवायची खाच त्यांनी बदलली नाही. ४२ मिलिमीटरच्या त्या पहिल्या घड्याळाबरोबर घेतलेला चामड्याचा पट्टा नीट सांभाळला असेल, तर नऊ वर्षांनी आलेल्या ४६ मिलिमीटरच्या घड्याळालाही तो बसतो.